चाकाचे चाळीस आटे

प्रिय धाकट्या,

फोनवर तू ‘बरं चाललंय’च्या पुढे सरकत नाहीस आणि मी ‘जेवलास का’च्या पुढे, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय घडी घालू नकोस. मोठ्या बहिणीचा एवढा हक्क आहे असं मी धरून चालते.

माझा वर्ग जोरात आहे. बंद पडलेल्या छापखान्याच्या वरची खोली, सहा पोरं, तीन कॅमेरे आणि सदा कुरकुरणारा एक पंखा. तिघं वरच्या वस्तीतले, तिघं आपल्याकडचे. सुरुवातीला दोन टोकांना बसायचे, मध्ये अख्खा बाक रिकामा. त्यांची बोली आपल्या पोरांना कळत नाही, आपल्या पोरांचे टोमणे मात्र त्यांना नेमके कळतात. मग मी जोड्या लावल्या. एकाच्या हाती कॅमेरा, दुसऱ्याच्या हाती माइक, आणि मधली वायर जेमतेम दोन हात. म्हटलं, भांडायचं तर जवळ उभं राहून भांडा. पहिल्या आठवड्यात झाडून सगळ्यांनी मावळता सूर्य टिपून आणला, तेव्हा मी सूर्यावर बंदी घातली. माणसं आणा म्हटलं. आता आणतात. ज्याच्या घरात दोन तास कॅमेरा धरून उभं राहिलो त्याच्यावर दगड भिरकावणं जड जातं, हे त्यांचं त्यांनाच कळू लागलंय.

दोन नियम त्यांच्या डोक्यात पक्के बसवलेत. माणसाला नुसतं विचारायचं नाही, त्याचं काम हातांनी करून दाखवायला सांगायचं. आणि ज्याला टिपलं त्यानं आधी बघायचं. तो नको म्हणेल ते काढायचं, वाद घालायचा नाही. येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात दोन्ही वस्त्यांसमोर फिल्म दाखवायच्या आहेत. सगळ्या तयार आहेत, एक सोडून. ती भिंगरीची.

भिंगरी वरच्या वस्तीतली, अठरा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. दंगल झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या दुपारी वस्तीला आग लागली आणि नळ कोरडे निघाले. अकरा घरं गेली, तिला वाढवणारी आत्या गेली. तिनं फिल्मसाठी पाणी हाच विषय घेतला आणि थेट पंपघराच्या मिस्त्रीकाकांचं दार गाठलं. वरच्या वस्तीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह मीच बंद केला असं चौकशीत सांगून त्यांनी नोकरी घालवली, हे तुला मी काय सांगू, तू त्यांच्याच हाताखाली होतास. वरची वस्ती नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नाही, दारावर थुंकून जाणारेही आहेत. ही पोरगी तीन दिवस त्यांच्या पायरीवर बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हातारा वैतागून म्हणाला, “आत ये बाई, बसून बसून पायरी झिजवशील.”

कॅमेऱ्यासमोर त्यांनी तेच सांगितलं, मी बंद केला. भिंगरीनं माझा नियम पाळला. म्हणाली, काका, कसा बंद करतात ते दाखवा ना. पंपघरातल्या नव्या मिस्त्रीनं परवानगी दिली. व्हॉल्व्हच्या चाकाला दोन्ही हातांनी चाळीस आटे, म्हणजे चाळीस पुरे फेरे, द्यावे लागतात. पाचव्या आट्याला काकांचा उजवा हात सुटला. पुन्हा धरलं, पुन्हा सुटला. त्यांचा खांदा आपली आई आजारी पडली त्याच्याही आधीपासून, म्हणजे दंगलीच्या कितीतरी आधीपासून जायबंदी आहे, हे गाव विसरलं होतं. माइक धरलेला पोरगा आपल्याकडचा. त्याच्या तोंडून निघून गेलं, “मग काका, त्या दिवशी फिरवलं कोणी?” काका चाक सोडून बाहेर पडले. नंतर मला म्हणाले, हात दाखवून अवलक्षण झालं बघ. हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रीकरण पाहिलं आणि चाकाचा सगळा भाग काढायला सांगितला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोर बावीस वर्षांचं होतं गं. फाटकावर आपल्याकडचा जमाव ‘बंद कर, बंद कर’ म्हणून ओरडत होता. वर आग लागलीय हे त्याला कुठं ठाऊक? माझं काय, निवृत्तीला आलोच होतो.” भिंगरीनं तो भाग काढला. डोळे पुसत काढला, पण कोण ते मला विचारलं नाही आणि नियमही मोडला नाही. तिचा मला अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. कारण आता उरलेली फिल्म खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मला पोरांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

दंगलीच्या संध्याकाळी तू घरी आलास तेव्हा तुझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. मी मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि एका शब्दानं विचारलं नाही. दोन महिन्यांनी तू गाव सोडलंस तेव्हा डबा बांधून दिला, तेव्हाही नाही. नऊ वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि लोकांच्या पोरांना खरं दाखवायला शिकवत बसले. आता पुरे. काकांचा काढलेला भाग काढलेलाच राहील, तो त्यांचा हक्क. पण शुक्रवारी सकाळी दहाला भिंगरी पंपघरात कॅमेरा लावणार आहे. एक माणूस बोलायला येईल, एवढंच मी तिला सांगितलंय. तू आलास तर तो माणूस तू. मी शेजारी उभी राहीन, माइक मीच धरीन. नाही आलास तर मी बोलेन, तुझ्या फोडांबद्दल आणि माझ्या गप्प बसण्याबद्दलही. तुझं नाव घेणार नाही, पण मला भाऊ एकच आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी कळायला हवं, म्हणून हे पत्र. फक्त या वेळी ‘नको’ म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. पहिली गाडी आठला येते. मी स्टँडवर उभी असेन.

तू आलास तरी आणि नाही आलास तरी तुझीच,
ताई