टाकीची रिंग

ॲडम्सटाउन, रविवार, १२ नोव्हेंबर २०१७

माझे सासरे, समीरचे बाबा, कोल्हापूरहून आल्यापासून मी बाथरूममध्ये लपून व्हेप ओढतेय. समीरला वाटतं, सिगारेटबरोबर सगळंच सुटलं. आज व्हेपची लिक्विड भरायची टाकी पुन्हा गळली, जॅकेटचा खिसा चिकट झाला. कंपनीत दिवसभर सील तपासते मी, आणि ही एवढीशी टाकी जमत नाही?

किचनमध्ये पुसत होते, तर बाबा मागे उभे. त्यांनी ती हातातून घेऊन उघडली. जन्मभर पंप दुरुस्त केलेत त्यांनी.

"रबराची रिंग मुडपलीय की ही." नखाने सरळ करून त्यांनी ती बुडाशी बसवली. "आता लिक्विड कडेने ओत. मधल्या नळीत थेंब जाऊ देऊ नको. वर थोडी जागा ठेव. आणि फार आवळू नको, त्यानंच रिंग सरकते."

तसंच केलं. गळली नाही.

"समीरला माहीत आहे?"

"नाही."

"मग मलाही नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना समीर समोर, आणि आम्ही दोघं ताटात बघत बसलेलो. उद्या खरं सांगायचं ठरवलं, तरी बाबांना ठाऊक होतं हे कसं लपवू?