दोर कोणाच्या हातात होता?

बोरी अरब. रविवार, दिवेलागण.

आज बाबांना मोबाईलवर गिर्यारोहणाचा सिनेमा दाखवला. खरी घडलेली गोष्ट आहे. एक बाई बर्फाच्या भेगेत पडते, दोन दिवस आत लटकून राहते आणि जिवंत निघते. मी श्वास रोखून पाहत होते. बाबांनी जन्मभर विहिरी खोदल्या. त्यांनी एकच विचारलं, "दोर कोनाच्या हातात होता?"

म्हटलं, बर्फात ठोकलेल्या खिळ्याला बांधला होता.

"खिळ्याले? मंग तिच्यासंग बोलत कोन होतं?"

पुन्हा मागे नेऊन पाहिलं. कोणीच नव्हतं.

मग कळलं की माझ्या जन्माआधी विहिरीची कड ढासळून बाबा अर्धा दिवस कमरेपर्यंत गाडले गेले होते. माणसं येईस्तोवर दोर आईच्या हातात होता. खाली माणूस असला की वरच्यानं दोर सोडायचा नाही आणि बोलणं थांबवायचं नाही, अशी त्यांची रीत. हे मला आजवर माहीतच नव्हतं! काहून सांगितलं नाही? "तू इचारलं कधी?"

पण अर्धा दिवस बोलायचं तरी काय? हेच डोक्यात घोळत राहिलं. शेवटी चुलीपाशी जाऊन आईला विचारलं.

"काय बोलन? तुह्या आत्याचे गाऱ्हाने सांगत होती. हे खालून चिडत होते. चिडले म्हनजे जिते हायेत."

तेवढ्यात ओसरीवरून बाबा ओरडले, "माह्यी बहीन तसं बोललीच नव्हती!"

आईनं भाकर उलटवली. "आयकलं? हायेत."