फळ्यावर राहिलेलं गणित

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला आता नीट आठवत नाही. तुमचं गप्प बसणं मात्र लख्ख आठवतं. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीची दोन खोल्यांची शाळा, एका खोलीत तिसरी-चौथी एकत्र, आणि फळ्याच्या डाव्या कडेला तुम्ही आखून ठेवलेला चौकोन. ज्याचं गणित चुकेल त्याचं ते त्या चौकोनात राहायचं, शेजारी नावासकट. तुम्ही ते पुसत नव्हता, दुरुस्त करत नव्हता, कुणाला हसूही देत नव्हता. चूक सापडली की ज्याची त्यानं येऊन पुसायची, एवढाच नियम. सकाळी वर्ग झाडणारी मुलं बाकीचा फळा ओल्या फडक्यानं स्वच्छ करत, पण चौकोनाला वळसा घालत.

चौथीत माझं गणित तिथं आलं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मी वरचे अंक मिळवले, खालचे अंक मिळवले आणि दोन पंचमांश लिहून ऐटीत खडू ठेवला. तुम्ही बघितलंत आणि “राहू दे” म्हणालात. नेमके त्याच दिवशी वडील मला न्यायला आले होते. ते फौजेत, रजेवर आलेले. घरात तांब्या जागच्या जागी नसला तरी त्यांना चैन पडत नसे. दारातूनच त्यांना फळा दिसला.

“आवं बाई, चुकलंय की पोरीचं. पुसा ते. सगळी वाडी बघती.”

“बघू द्या. तिचं हाय, ती पुसंल.” तुम्ही मूळच्या आटपाडीच्या. वर्गात पुस्तकी बोलायचा, पालकांशी मात्र त्यांच्यासारखं.

“आमच्यात चुकलं की मैदानाला फेऱ्या मारायला लावत्यात.”

“मग फेऱ्या मारून चूक कळती व्हय?”

“न्हाई,” वडील म्हणाले. “पाय तेवढं दुखत्यात.”

मग तुम्ही त्यांना बजावलंत की घरी उत्तर सांगायचं नाही, पोरीनं विचारलं तर उलट तिलाच विचारायचं. वाटभर मी त्यांच्या मागे लागले, शेवटी रडले. ते म्हणाले, बाईंचा हुकूम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला अर्धी भाकरी वाढते. मला भूक आहे, म्हणून दुसऱ्या भाकरीचा तुकडा मोडून वर ठेवते, आणि माझा घास हातातच राहतो. अर्धीत भर पडली तर ती अर्धीहून जास्तच व्हायला हवी. आणि पाच तुकड्यांतले दोन म्हणजे तर अर्धीसुद्धा नाही! मी पळत शाळेत येऊन चौकोन पुसला. तुम्ही विचारलंत, उत्तर मिळालं का. मी म्हटलं, नाही, पण हे नव्हे एवढं कळलं. तुम्ही खडू माझ्या हातात दिलात आणि स्वतः मुलांच्या रांगेत, माझ्या जागेवर, सतरंजीवर मांडी घालून बसलात. “सांग आम्हाला, कसं कळलं ते.”

तेव्हा मला हे साधंच वाटलं होतं. शाळा म्हणजे अशीच असते असं वाटलं होतं. आता चाळिशी ओलांडल्यावर मी थक्क होते. तुम्हाला उत्तर येत होतं. खडू हाताशी होता. समोर दोन वर्गांची मुलं, अभ्यासक्रम संपवायची घाई, केव्हाही तपासणीला येणारे साहेब. एवढं असून एका पोरीच्या चुकीला तुम्ही अख्खी रात्र देत होता. हे बळ कुठून आणत होता, बाई?

विचारते, कारण माझ्यात ते नाही. मी सांगलीत राहते, कुपवाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी गाडी लावली की पाचवीतल्या मुलीशेजारी बसायचं, हातात खोडरबर घेऊन. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, मोबाईल कपाटात. चांगल्या सवयी लावतेय असं मी डायरीत लिहीतही असे. पण ती एक ओळ लिहायची आणि वहीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. माझ्या भुवया हलल्या की पुढे सरकायची किंवा खोडायची. पालकसभेत तिच्या बाई म्हणाल्या की चाचणीत ही स्वतःला येणारी गणितंही कोरी सोडते. का, विचारलं तर म्हणाली, बरोबर आहे की नाही ते कुणी सांगितलंच नाही.

दिवाळीनंतर मी तिच्या शेजारी बसणं सोडलं. स्वयंपाकघरात बसते. तिला सांगितलं, काहीही विचार, फक्त बरोबर का चूक तेवढं विचारायचं नाही. पहिल्या काही संध्याकाळी घरात नुसतं रडं होतं. “आई, तू रुसलीस का माझ्यावर? नुसती मान तरी हलव ना.” मी मेथी निवडत राहायची आणि मनात म्हणायची, हे शिकवणं आहे की छळ? आमच्या वर्गात चौकोन सगळ्यांसाठी होता, आज ना उद्या प्रत्येकाचं नाव तिथं लागायचं. ही तर एकटीच आहे. मागे पडली तर?

आज तिला गणितात एक खोली होती, पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. खोलीचं क्षेत्रफळ काढायचं होतं. तिनं चारी बाजूंची बेरीज करून अठरा लिहिलं होतं. पाण्याचा पेला ठेवताना मला ते दिसलं. जीभ चावून मी परत फिरले. काही वेळानं ती स्वयंपाकघरात आली, माझ्याकडे न बघता खाली बसली आणि भिंतीच्या कडेकडेनं फरश्या मोजू लागली. चौथ्या भिंतीशी थांबली. सबंध तळवा मधल्या फरशीवर टेकवला.

“मधल्या राहिल्या की,” ती फरशीला म्हणाली.

आणि गेली. बाहेरून खोडल्याचा आवाज आला. मी गॅस बारीक करून नुसती उभी राहिले, बाई. देवळात घंटा वाजून गेल्यावर माणूस क्षणभर थांबतो, तशी. तिनं मला काही दाखवलं नाही. दप्तर भरलं आणि खाली खेळायला गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, डायरीतच राहील. पण तुमच्यापासून लपवून काय करू? ती खाली गेल्यावर मी तिचं दप्तर उघडलं आणि वही काढून उत्तर तपासलं. बरोबर होतं. नसतं तर मी वही तशीच मिटली असती का, हे मला सांगता येत नाही.