वीस मिनिटांत थंडगार

१४ जुलै, सोमवार
ए.सी.चा स्मार्ट थर्मोस्टॅट आला. शुक्रवारी सासू-सासरे अमरावतीहून पहिल्यांदाच इकडे परदेशात, आमच्याकडे येताहेत. जावई नेमकं काय करतो, हे सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. आता घरात पाऊल टाकताच कळेल. उपासना म्हणाली, चालतंय ते चालू दे ना, बाहेर ऊन बघ. ती आयसीयूत मशिनी सांभाळते, पण घरची टेक्नॉलॉजी वेगळी असते. बॉक्सवर ‘वीस मिनिटांत सेटअप’ लिहिलंय. मला आयटीत बारा वर्षं झाली, दहा पुरेत.

१५ जुलै, मंगळवार
भिंतीतून पाच वायरी निघाल्या, पुस्तिकेत चारच. छपाईची चूक. ॲप म्हणतं, वायफाय नाही. वायफाय त्याच्या डोक्यावर लुकलुकतंय! घरात ८८ फॅरनहाइट. जुना डबडा थर्मोस्टॅट परत लाव, असा उपासनाचा सल्ला मिळाला. तो सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेला. मागे वळून बघणं माझ्या स्वभावात नाही.

१६ जुलै, बुधवार
वायफाय जमलं. त्याआधी उपासनाने राउटर बंद-चालू केला होता, पण तो योगायोग.
आता लॉगिन. अकाउंट माझं जुनंच, नागपुरात स्मार्ट बल्ब घेतला तेव्हाचं. त्यामुळे कोड जातो माझ्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम आता तिकडे नागपुरात बाबांकडे. बाबा सकाळचे फिरायला गेलेले. आले, चष्मा शोधला, शेजारच्या लग्नाची हकिगत सांगितली, मग कोड वाचला. एक्स्पायर्ड. नंबर बदलावा म्हटलं, तर त्याचाही कोड जुन्याच नंबरवर. काय वैताग आहे यार.

१७ जुलै, गुरुवार
आज बाबांनी कोड वेळेत वाचला. ए.सी. सुरू! पण प्रत्येक लॉगिनला नवा कोड. म्हणून मास्टरस्ट्रोक: पासवर्ड देऊन बाबांच्याच फोनवर ॲप टाकायला लावलं. त्यांचं पहिल्या फटक्यात चालू झालं. माझं लॉगआउट झालं, कारण ते एका वेळी एकाच फोनवर चालतं. हरकत नाही. याला डेलिगेशन म्हणतात.

१८ जुलै, शुक्रवार
पाहुणे आले. घर गार. सासरे सोफ्यावर बसून ‘वा’ म्हणाले. मी ॲपबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ए.सी. बंद. बाबांना फोन लावला. म्हणाले, “मीच बंद केला. चार माणसांना एवढी थंडी कशाला? पंखे आहेत ना.”

२० जुलै, रविवार
८४. सासूबाई ओला टॉवेल मानेवर घेऊन बसल्यात. माझा जीव चुटपुटतोय, पण चेहऱ्यावर कंट्रोल आहे. बाबांना ईमेलने मुद्देसूद कारणं कळवली. बघतो म्हणाले.
दुपारी सासऱ्यांनी मला न विचारताच बाबांना फोन लावला. “जय भीम, भाऊ. जरा थंड करता का जी?”
लगेच वारा सुरू झाला. मग व्याह्याव्याह्यांच्या गप्पा रंगल्या, बाबांनी त्यांना ॲपसुद्धा समजावलं. फोन ठेवून सासरे कौतुकाने उपासनाला म्हणाले, “तुझे सासरे कम्प्युटरमधले मोठे माणूस दिसतात, पोरी. अन् जावई काय करतात म्हणाली होतीस?”