बिनतेलाची मासोळी

३ नोव्हेंबर, सोमवार

विलासचा उंचीवर चढायचा हाइट पास अडकला. प्लांटच्या दवाखान्यात दरवर्षीची तपासणी होती. बी.पी. जास्त निघाला, डॉक्टरनं शिक्का मारला नाही. २८ तारखेला पुन्हा बोलावलं. तोवर खाली राहून नटबोल्ट मोजायचे.

लग्नाआधीपासून हा माणूस बॉयलरवर मचान बांधतो. पास नाही तर वर चढणं नाही, आणि जो वर चढतो त्यालाच ठेकेदार ठेवतो. डिसेंबरात शटडाउन, प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. त्यासाठी टोळी नव्यानं लागते. २८ ला फेल झाला तर टोळीतून नाव गेलंच समजायचं.

डॉक्टरनं गोळी लिहून दिली. घेत नाही म्हणतो. "एकदा का गोळी फायलीत लागली, का मंग जिंदगीभर खालीच." भिंतीशी बोललेलं बरं. "खानंच सुधारतो न मी. तेल बंद. मीठ कमी. बस?"

मी म्हटलं, ठीक. मग खाणं माझ्याकडे लागलं. बघतेच.

४ नोव्हेंबर

सेठजीनं दिवाळीला आमच्या धानाच्या मिलच्या सगळ्या स्टाफला एअर फ्रायर दिला होता. आमचा कपाटावर खोक्यातच. आज काढला. पिहू सातवीत, पण मशीन तिलाच कळते. "आई, आधी रिकामा चालवायचा असते." रिकामा चालवला. प्लास्टिकचा वास घरभर.

वांग्याच्या चकत्या केल्या. तिखट, हळद, बोटभर तेल. डाळीत मीठ अर्धं. विलास खाऊन उठला, बोलला काही नाही. म्हणजे आवडलं नाही.

६ नोव्हेंबर

धानाचा सीझन डोक्यावर आहे. दिवसभर मिलच्या काट्यावर ट्रक. एकाचं वजन लिहीत नाही तो मागचा हॉर्न वाजवते. "मैडम, पर्ची दो ना, कब से खडे हैं." घरी यायला साडेसहा. मग काय सुचते माणसाला?

कुकर चढवायचा न् फ्रायर लावायचा. शिट्या होईस्तोवर दुसरंही तयार. खरंच सोय आहे. आज पापड टाकले तर आत उडून तारेला चिकटले, जळले. पिहू हसून हसून लोळली. आता वर स्टीलची जाळी ठेवायची.

विलास हसला नाही. अळणी डाळ भातात कालवत बसला. "हे काय जेवन हाय का?"

७ नोव्हेंबर

मासोळी! आधी काऊन नाही सुचलं. आईनं नवेगावहून दिवाळीच्या आधी पिशवीभर सुकी मासोळी पाठवली होती, डब्यात तशीच. तळ्याची, आईच्या हातची.

नेहमीसारखी गरम पाण्यात भिजवली, दोनदा धुतली, तिखट लावून फ्रायरमध्ये. पचपचीत झाली. वर वेळही गेला. पिहूनं व्हिडिओ दाखवला. त्यातली बाई सांगून राहिली की बास्केटमध्ये ओलं टाकू नका, वाफ होते, कुरकुरीत होत नाही.

८ नोव्हेंबर

आज कोरडीच झटकून टाकली. धुण्याचा फंदच नको. दहा मिनिटं. अशी कुरकुरली म्हणता! तेलाचा थेंब नाही. विलासनं भात दोनदा घेतला. "असं देत जा न रोज," म्हणाला. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहून बोलला.

जिंकली मी. डाळ अळणी असली तरी चालते आता, तोंडी लावायला मासोळी आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या कुंदाताईंकडे बी.पी.ची मशीन आहे, त्यांच्या मिस्टरांसाठी घेतलेली. विलासला ओढत नेलं. होता तेवढाच. कुंदाताई म्हणाल्या, "हप्त्यात काय होते? दम धर."

धरला.

१२ नोव्हेंबर

सोम मासोळी. मंगळ पापड, लाखोरी डाळीच्या वड्या, दह्यातली वाळवलेली मिरची. बुध मासोळी. सगळं बिनतेलाचं. मिलमध्ये मी सगळ्या बायांना सांगत सुटली. तेलाची कुपी महिनाभर पुरेल म्हटलं.

पिहू पाणी पिऊन पिऊन बेजार. रोज उठून माठाकडे. विलासही. मशीनचं खाणं कोरडंच असते म्हणा.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाढला.

कमी नाही झाला, वाढला! कुंदाताईंनी दोनदा मोजला. वरचा आकडा १६०च्या पुढं. विलासचं तोंड उतरलं. मी विचारलं, "बाहेर काही खाता काय?" "नाही." "गेटवरचे भजे?" "नाही म्हटलं न." कुंदाताई आत निघून गेल्या, चहा ठेवायला.

घरचं तर मी हातानं करते. मग कुठून वाढला?

१७ नोव्हेंबर

त्याचा शर्ट धुवायला टाकताना वास घेतला. स्वतःचीच लाज वाटली. पण घेतला. तेलाचा वास येतो की ग्रीसचा, कळलं नाही.

१८ नोव्हेंबर

मिलमधून लवकर निघाली. सेठजीला सांगितलं पिहूला ताप आहे. खोटं. गाडी थेट प्लांटच्या गेटवर नेली, भजेवाल्याकडे. कढईत मिरच्या सोडत होता. मला ओळखते तो.

"विलासभाऊ येते का?"

"दिवाळीपासून नाही, वहिनी. चहासुद्धा नाही. काऊन, काही झालं का?"

काही नाही म्हटलं न् आली. पण तोही गिऱ्हाईकच सांभाळणार. एकमेकांचे दोस्त सगळे. विश्वास कुणावर ठेवायचा?

संध्याकाळी मासोळी केली. त्यानं खाल्ली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसली.

१९ नोव्हेंबर

भजेवाल्यानं सांगितलं त्याला. सांगणारच होता.

दारातून आला तो चप्पल न काढता. "माह्या मागं चौकशी करत फिरतेस? साऱ्या टोळीत हसू झालं माह्यं."

मीही गप नाही बसली. म्हटलं, मी दिवसभर धुळीत मरते, घरी येऊन तुमच्यासाठी वेगळं रांधते, आणि तुम्ही बाहेर जीभ सोडता. तुमच्या जिभेपायी पोरीचं घर बसायची वेळ आली.

"पिहूची शपथ, एक भजं नाही खाल्लं."

"पोरीला मधात आणू नका."

पिहू ताट घेऊन उभी होती. ताट ठेवलं आणि आत गेली. कोणीच जेवलं नाही. फ्रायरमधले पापड तसेच थंड झाले.

२० नोव्हेंबर

अबोला. डबा नेला नाही.

२१ नोव्हेंबर

अबोला. आज मात्र डबा नेला. कोरडी मासोळी आणि भात होता. रिकामा आणला.

रागात आहे तरी माझ्या हातचं खाते. हा माणूस खोटं बोलत असेल तर इतकं सरळ तोंड कसं ठेवते? आणि खरं बोलत असेल तर बी.पी. कसा वाढते? डोकं चालेना. काट्यावर एका ट्रकचं वजन दुसऱ्याच्या नावावर लिहिलं. ड्रायव्हर ओरडला, सेठजीही ओरडले.

भीती एक नाही. पास नाही मिळाला तर काय, ही एक. आणि मिळाला, आणि वर गेल्यावर चक्कर आली तर? ही दुसरी. दुसरी मी कुणाला बोलून दाखवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

नवेगाव बांध. पिहूला घेऊन गेली, आईकडे. घरात बसवत नव्हतं. कोहमाऱ्याला गाडी बदलली, दुपार झाली.

आई अंगणात मासोळी घेऊन बसलेली. पोट फाडलेल्या. टोपल्यात एक थर मासोळीचा, वर मूठभर मीठ. पुन्हा थर, पुन्हा मूठ. मी पाहत राहिली. लहानपणापासून पाहिलं आहे, पण आज पाहिलं.

"एवढं मीठ, आई?"

"मंग? या दिवसात ऊन कुठी हाय? मीठ नाही टाकलं का अळ्या पडते." मग म्हणाली, "जवाईले आवडली का?"

"रोज खाते. फ्रायरमध्ये करते, बिनतेलाची. कुरकुरीत."

"धुतेस ना पन?"

मी टोपल्यातल्या मिठाकडे पाहिलं.

आईनं हात थांबवला. "सुमन, धुतेस ना? तुह्या बापाले बी.पी. होता तं मी तीन पान्यातून काढत होती. तरी डॉक्टर म्हने, हप्त्यातून एकदाच द्या. न धुता देतेस का त्याले?"

पिहू म्हणाली, "धुतली की कुरकुरीत नाही होत, आजी."

आई माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "जाय, पानी पी," एवढंच म्हणाली.

डाळीत मीठ अर्धं केलं म्हणून मी मिरवत होती. चिमूट वाचवली आणि मुठीनं घातलं. मासोळी, पापड, वड्या, मिरच्या, सगळी खारवलेली. त्याला मीठ कोणी म्हणते का आपल्याकडे? मीठ म्हणजे डब्यातलं मीठ. वाईट म्हणजे तेल. बस, एवढं धरून बसली.

आणि त्या माणसाला चोर ठरवलं.

येताना आईनं आणखी पिशवी बांधली होती. घेतली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डब्यातली उरलेली मासोळी मांजरीला टाकली. पापड, वड्या, मिरच्या वरच्या फळीवर. पिहूला सांगितलं, बाबांना काही बोलू नको. "काऊन?" म्हणाली. मी सांगते म्हटलं.

आज फ्रायरमध्ये दुधीच्या चकत्या. मीठ नाही. वर लिंबू, लसूण, कोथिंबीर. भाकर, बिनमिठाचं वरण.

विलासनं घास घेतला. थांबला. मिठाच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलणं तर बंदच. मान खाली घालून सगळं खाल्लं.

शिक्षा समजला तो. मी शिक्षा म्हणून मीठ काढून घेतलं, असं वाटलं त्याला. आणि तरीही खाल्लं.

सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि "पाणी देऊ का" विचारलं.

२५ नोव्हेंबर

सांगितलं तर भडकेल. भडकला तर बी.पी. वाढेल, आणि तीनच दिवस राहिले. नाही सांगितलं तर मनात कुढत राहील, तरी वाढेल. इकडे आड तिकडे विहीर. आणि खरं सांगायचं तर बी.पी.चं निमित्त आहे. मला भीती वाटून राहिली. त्याच्या "चौकशी करत फिरतेस"ची.

दोडक्याच्या चकत्या, आमचूर लावून. पनीर थोडं. पिहू म्हणे हॉटेलसारखं झालं. नाही झालं.

२६ नोव्हेंबर

कुंदाताईंनी हाक मारली म्हणून तो स्वतःच गेला मोजायला. माझ्याशी बोलत नाही म्हणून आकडा मला कुंदाताईंनी भिंतीपलीकडून सांगितला. उतरला आहे. पुरेसा नाही, पण उतरला.

"काय केलं गं वेगळं?" त्यांनी विचारलं.

"मीठ काढलं."

"मग आधी काऊन नाही काढलं?"

काय सांगू बाई तुम्हाला.

२७ नोव्हेंबर

फ्रायरमध्ये रताळी. तो खाताना म्हणाला, "पिहू, आईले सांग, रताळं चांगलं झालं." पिहू मधात उभी राहून म्हणाली, "आई, बाबा म्हणून राहिले रताळं चांगलं झालं." मला रडूच फुटलं, ताट घेऊन मोरीवर गेली. भांड्यांचा आवाज केला मुद्दाम.

गोळीची पट्टी अजून कपाटात आहे, न फोडलेली. उद्या पास होवो की न होवो, ती मी त्याला घ्यायला लावणार. वर जायचं असेल तर घेऊनच. भांडण झालं तर झालं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. दाढी केली. तपासणीला जातो की पोरगी पाहायला, म्हणावंसं वाटलं.

उंबऱ्यात चप्पल घालता घालता, माझ्याकडे न पाहता: "मी भजे नाही खाल्ले. आता तरी मान."

"माहीत आहे मला."

वळला. "कसं माहीत?"

कंपनीच्या बसनं नाक्यावर हॉर्न दिला. एकदा, दोनदा. तो थांबला होता. बस सुटली असती तरी थांबला असता, मला वाटते. मीच म्हटलं, "जा. संध्याकाळी सांगते." गेला. चार पावलं जाऊन मागं पाहिलं.

बारा वाजता काट्यावर फोन वाजला नाही. दोनलाही नाही. सेठजी म्हणाले, "मैडम, आज ध्यान किधर है?"

चारला मेसेज आला. "घरी येऊन सांगतो." बस एवढंच. पास झाला तर माणूस लिहिते ना, पास झालो? की फेल झाला तरच असं लिहिते? पन्नास वेळा वाचला.

आता घरी आहे. भात लावला. फ्रायरमध्ये काही टाकलं नाही, बास्केट धुऊन पुसून ठेवली. पिहू खिडकीत बसली आहे, बस दिसली की सांगते म्हणाली.

त्यालाही घरी येऊन सांगायचं आहे, मलाही. तो दारात बोलायच्या आधी मी बोलणार. त्याचं ऐकून घेतलं तर माझं तोंड उघडणार नाही.

पिहू ओरडली. बस आली.