किल्ल्या पडल्या की थांबायचं

८ नोव्हेंबर, शनिवार

आज पुन्हा तपासलं. किल्ल्या मुद्दाम लवकर टाकल्या, अजून नीट हसूही फुटलं नव्हतं. इंद्रजितचे हात लगेच वर! 'काय झालं?' 'काही नाही, सुटल्या हातून.' धडधडीत खोटं बोलले.

हे कुणी वाचणार नाही, म्हणून सरळ लिहिते. आम्हा नवराबायकोचा एक खेळ आहे. दोघांच्या मर्जीचा, समोरासमोर बसून ठरवलेला. माझी मनगटं माझ्याच ओढणीनं बांधायची आणि त्यानं गुदगुल्या करायच्या. थांबायचं कधी एवढंच माझ्याकडे, बाकी सगळं त्याच्या हातात.

आधी थांबायचा शब्द ठरवला होता — 'कासार आंबोली'. स्वतःच्या गावाचं नाव, म्हणजे विसरायला नको! शहाणेच आम्ही. हसू फुटलं की 'का-का-का'च्या पुढे गाडी सरकायचीच नाही. मग किल्ल्या आल्या. भाड्यानं दिलेल्या सहा खोल्यांचा जुडगा माझ्या मुठीत. मूठ उघडली, जुडगा पडला, की त्यानं थांबायचं.

आजवर थांबलाय. प्रत्येक वेळी. तेच तर खटकतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाई — मी त्यांना आत्या म्हणते — भाकरी थापता थापता म्हणाल्या, 'सुट्टीच्या दिवशी वर किल्ल्या लई पडत्यात गं तुमच्या.' मी तव्याकडे बघत राहिले. मेले!

१२ नोव्हेंबर, बुधवार

हिंजवडीची कॅब ट्रॅफिकमध्ये अडकलीय. मोबाइलवर लिहून ठेवते, घरी गेल्यावर वहीत उतरवीन.

माझं कामच संशयाचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठं मोडतं ते शोधायचा मला पगार मिळतो. चालतंय म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. आता तीच खोड घरी आणलीय.

भीती हसण्याची आहे. स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, करून बघितल्या. दुसऱ्याचा हात लागतो, आता कुठं येणार ते माहीत नसतं, म्हणून होतात. आणि हसू माझ्या ताब्यात नसतं. नकोसं झालं तरी मी खिदळतच असते. तोंड हो म्हणतंय, आत नाही चाललंय. हे बाहेरून त्याला कसं कळणार? एक दिवस तो थांबणार नाही आणि वर म्हणेल, 'हसत तर होतीस.' मग मी काय करू? त्यानंतर या माणसाशेजारी झोपता येईल का मला?

तरी खेळ हवाच असतो. दिवसभर टीम सांभाळा, भाडेकरूंची पाण्याची भांडणं सोडवा. ती वीस मिनिटं माझ्यावर एका जुडग्याशिवाय कसलीच जबाबदारी नसते. फार बरं वाटतं. लिहितानाही लाज वाटतेय, पण वाटतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भाताची झोडणी चालू, दुपारी घरचे सगळे शेतावर. आज जुडगा फरशीवर न टाकता गादीवर अलगद सोडला. आवाज शून्य. तरी थांबला!

म्हणजे तो माझ्या मुठीकडे बघत होता. माझ्याकडे नाही. मग ह्याला गोडी कसली? का नुसतं माझ्यासाठी उरकतोय? दुसरं काही मनात आहे का?

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटी विचारलंच, तुला हे खरंच आवडतं का. तो पायलीतला भात हातानं चाळत बसला. मग म्हणाला, 'आवडतं. पण तुझ्या हसण्यावर माझा इश्वास न्हाई. सगळं ध्यान त्या किल्ल्यांवर असतंय.'

म्हणजे त्यालाही तीच भीती. माझ्याच बाजूची! रडूच आलं मला, पण दाखवलं नाही.

मी त्याला तपासतेय हे त्याला दोन आठवडे माहीत आहे, असंही म्हणाला. रागानं नाही. मग म्हणाला, 'एकदा जुडगा माझ्याकडं दे. तुला काय वाटतं ते मला कळू दे.'

लगेच शंका. उट्टं काढायचंय का ह्याला? मुद्दाम किल्ल्या टाकून माझी परीक्षा बघेल? हो म्हटलं, पण सावध राहीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्याला गुदगुल्या होतात का, हेच मला माहीत नाही. सहा वर्षांच्या संसारात एकदाही बघितलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

होतात. मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो तो. असा कधी बघितलाच नव्हता. मला फार आवडलं — हे लिहायलाच हवं.

किल्ल्या पडल्या. फरशीवर, खणकन. मी ऐकल्या. म्हटलं, परीक्षा असेल. म्हटलं, सुटल्या असतील. मी थांबले नाही.

खाली अंगणात आत्या भात वाळत घालत होत्या. तिथून त्यांनी हाक मारली, 'दिशा, किल्ल्या पडल्या गं.' तेव्हा कुठे माझे हात थांबले.

ओढणी सोडली. त्यानं जुडगा उचलला आणि खाली खुंटीला लावायला निघाला. मी त्याला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, 'अरे, हसत तर होतास.'