रंजिताचे खोडलेले नाव

मी, टिकाराम गोविंदा हटवार, वय साठ, सेवानिवृत्त फिटर, राहणार साकोली, जिल्हा भंडारा, हे लिहून ठेवतो. मला साखर आहे, हृदयाचे दोन झटके येऊन गेले, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी शिकवले म्हणून लिहीत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. साकोलीचे घर मी नोकरीच्या कमाईतून बांधले. ते माझ्या पश्चात मुलगी रंजिता हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. पत्नी कुसुम हिला त्यात मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील. समोरच्या गाळ्याचे भाडे रंजिताच्या औषधपाण्याला आणि जाण्यायेण्याला लावावे. डायलिसिस सरकारी योजनेतून होते, बाकी सारे पदरचे असते.

२. मुलगा संजीव विचारेल, म्हणून कारण लिहितो. आमच्या कंपनीचा आरोग्य विमा मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत फुकट होता. पुढे नाव ठेवायचे तर हप्ता कामगाराच्या पगारातून कापत. मी दोघांचाही कापू दिला. मार्च २०२२ मध्ये नवीन वर्षाचा फॉर्म आला, तेव्हा रंजिताचे लग्न वैशाखात ठरले होते. मी तिच्या नावावर रेघ मारली. ऑफिसातला बाबू म्हणाला, "राहू द्या ना काका, आता नाव असलं तर लग्नानंतरही वर्षभर चालते." रंजिताही म्हणाली, "बाबा, यंदाचं साल राहू द्या ना." मी म्हणालो, "पोरगी दिली का तिचं दुखणंखुपणं सासरचे पाहतेत. बापाच्या कागदावर कायले पाहिजे नाव?" संजीवचे नाव मात्र ठेवले, तो मुलगा म्हणून. त्या कार्डावर त्याने सर्दीची गोळीसुद्धा घेतली नाही.

३. श्रावणात सानगडीला, सासरी, रंजिताला ताप चढला. लघवी कमी झाली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच नागपूरला न्यायला सांगितले. जावयाच्या विम्यात तिचे नाव अजून लागायचे होते. नागपूरच्या दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, यात व्याही भैय्याजी यांनी आठ दिवस काढले. मला फोन केला, "तुमच्या कंपनीचं कार्ड आहे ना?" मी नाही म्हणालो, आणि तरीही त्याच दिवशी गाडी करून गेलो नाही. आम्ही दोघे एकमेकांची वाट पाहत बसलो. तेवढ्यात तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. दिवाळीत त्यांनी तिला आणून सोडले. "आजार तुमच्याच घरचा आहे, आमाले काहून सांगता?" हे त्यांचे शब्द मी विसरलेलो नाही. भैय्याजींनी माझ्या मातीला येऊ नये. पण रेघ माझ्या हातची आहे, हे मला कबूल आहे.

४. हत्यारांची पेटी आणि मोटारसायकल संजीवला. बँकेतली ठेव कुसुमला. संजीव, तुला राग येईल. तो माझ्यावर काढ, बहिणीवर काढू नको.

५. रंजिताने मला एका शब्दाने कधी बोलून दाखवले नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

६. तेरवीचे जेवण घालू नये. मंगळवार आणि शुक्रवार हे रंजिताचे डायलिसिसचे वार आहेत. त्या दिवशी मी गेलो, तर संजीवने आधी तिला भंडाऱ्याला न्यावे, चार तास तिथेच बसावे, घरी आणून निजवावे आणि मग मला उचलावे. तोवर मी घरात पडून राहीन.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही : टिकाराम गोविंदा हटवार

साक्षीदार :
१) दादाजी सोमा निखारे, शेजारी, साकोली
२) गिरजाबाई महादेव कापगते, साकोली

ठिकाण : साकोली
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५